चेंडू हातात दिला, कप्तानी दिली नाही : बाळू पालवणकर आणि आपला निवाडा

भीमजयंतीच्या तयारीच्या बैठकीत आमच्याकडे दरवर्षी एक तरी वाद होतोच. डीजे लावायचा की व्याख्यान ठेवायचे, वर्गणीतून वह्या वाटायच्या की लाइटिंग करायची, हे वाद आता अंगवळणी पडले आहेत. यंदा मात्र वाद झाला तो एका चषकाच्या नावावरून. जयंतीनिमित्त वस्तीतली पोरे टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा भरवतात. त्यातल्या सर्वोत्तम गोलंदाजाच्या चषकाला बाळू पालवणकरांचे नाव द्यावे, अशी सूचना अभ्यासवर्गातल्या एका मुलाने केली. मोबाइलवर त्याने कुठेतरी वाचले होते, की आपल्यातलाच एक माणूस शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडला जाऊन गोऱ्यांच्या दांड्या उडवून आला.

सूचना पूर्ण होते न होते तोच एक ज्येष्ठ कार्यकर्ते उसळले. "अरे, इतिहास तरी माहीत आहे का बे तुम्हाला? सदतीस साली बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिलेला माणूस आहे तो. त्याच्या नावाने चषक? तेही जयंतीला?"

बैठक गप्प झाली. सूचना करणारा मुलगा गप्प झाला. आणि त्याच्या शेजारी बसलेला, चर्मकार समाजातून आमच्या अभ्यासवर्गाला नियमित येणारा दुसरा मुलगा काहीही न बोलता उठून गेला.

हा लेख त्या दोघांसाठी आणि त्या काकांसाठीही आहे. काकांनी सांगितलेली गोष्ट खोटी नाही. पण ती अर्धी आहे. मोबाइलवर वाचलेली गोष्टही खरी आहे आणि तीही अर्धीच आहे. बाळूंच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट येणार असल्याच्या बातम्या आल्या आहेत. चित्रपटवाले कुठे थांबतील याचा अंदाज आम्हाला आजच आहे: हार, टाळ्या, 'खेळाने जात जिंकली', पडदा. आपण तिथे थांबून चालणार नाही. आपल्याला दोन्ही डाव वाचावे लागतील.

पहिला डाव : रोलर ओढणारा पोरगा

बाळू पालवणकरांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. कुटुंब चर्मकार, मूळ गाव कोकणातले पालवण, वडील लष्कराच्या चाकरीत. महार असोत वा चर्मकार, त्या काळी आपल्या माणसांना जातगावाबाहेर काढणारी वाट लष्करातूनच जात होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी त्याच वाटेने आले. बाळूंचे लहानपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि जुने चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले.

पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्लबात. काम मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे ४ रुपये. जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची, टेनिसची मैदाने राखायची, आणि सवड मिळाली की साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. त्या काळचा नामांकित इंग्लिश फलंदाज कॅप्टन ग्रेग सामन्यापूर्वी तासन्‌तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केले की ग्रेग बाळूंना आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे थांबले पाहिजे. पूना क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले, पण त्यांना फलंदाजी करायला मिळाली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची. एकाने उभे राहून फटका मारायचा, दुसऱ्याने उन्हात पळून चेंडू आणायचा आणि पुन्हा टाकायचा. आपल्याकडे ज्याला श्रमविभागणी म्हणतात, ती श्रमिकांचीच विभागणी कशी असते, हे बाबासाहेबांनी पुढे 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात मांडले. ते क्रिकेटच्या मैदानावरही चालू होते.

बाळू वेगवान गोलंदाज नव्हते. डावखुरे, संथ, चेंडू दोन्ही बाजूंना वळवणारे, टप्प्यावर कमालीची पकड असलेले. अचूकता ही काही देवाची देणगी नव्हती. ती पगारी मजुरीतून आलेली होती.

हाताचा चेंडू चालतो, हाताचे पाणी चालत नाही

पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. गोऱ्यांचा सर्वोत्तम फलंदाज ज्याच्यापुढे अडखळतो तो माणूस गावातच आहे, हे त्यांना ठाऊक होते. अडचण जातीची. संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. तेलुगू सभासद घ्यावे म्हणत होते, काही मराठी ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. शेवटी घेतले. कशासाठी घेतले? समतेसाठी नव्हे. जिंकण्यासाठी घेतले.

मग तोडगा निघाला. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळणार. त्या चेंडूला विटाळ नाही. पण चहाची सुटी झाली की बाकीचे पव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेणार आणि बाळूंना पव्हेलियनबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. तोंड धुवायचे तर मैदानाच्या कोपऱ्यात, अस्पृश्य नोकराने आणलेल्या पाण्याने. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी.

म्हणजे बघा, ज्या बोटांनी टाकलेला चेंडू झेलायला सवर्णांचे हात पुढे होत होते, त्याच बोटांनी धरलेला कप त्यांना चालत नव्हता. शास्त्रात चेंडूच्या विटाळाचा श्लोक नाही म्हणून चेंडू चालला, एवढेच. अस्पृश्यता ही अज्ञानातून आलेली घाण नव्हे. ती हिशेब करून पाळली जाते. जिथे फायदा आहे तिथे ढिली, जिथे दर्जा धोक्यात येतो तिथे घट्ट.

बाळूंनी सामने जिंकून दिले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याला हरवले तेव्हा मिरवणूक निघाली, हार पडले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी तेव्हा सुनावले, की ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत खायला-प्यायला काय हरकत आहे. रानड्यांचे हे म्हणणे नोंदवले पाहिजे. पण हेही नोंदवले पाहिजे, की जेवणाच्या पंगतीत बसायला बाळूंना आधी किती बळी घ्यावे लागले. बाकीच्या दहा जणांना ती पंगत जन्मतःच मिळाली होती. त्यांच्यातल्या शून्यावर बाद होणाऱ्यालाही कपातूनच चहा मिळत होता.

ही अट आजही लागू आहे. आपल्या मुलाला वर्गात, वसतिगृहात, ऑफिसात साधे माणूस म्हणून वागवून घ्यायचे असेल तर त्याने असामान्य असावे लागते. साधे असण्याचा हक्क फक्त त्यांना.

शंभरावर बळी आणि गैरहजर कप्तान

१८९६ च्या प्लेगनंतरच्या काळात बाळू मुंबईला गेले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तिथेही आधी विरोध, मग गरज, मग प्रवेश. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू आणि शिवराम दोघे होते. पुढच्या वर्षी हिंदू पुन्हा जिंकले. सुधारकांच्या वर्तमानपत्रांनी लिहिले, की चर्मकारांना संघात घेतल्याने हिंदू समाज जिंकला.

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. भारताला कसोटी सामना खेळायला मिळाला तो १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. तोवर बाळू ५६ वर्षांचे झाले होते. त्यामुळे बाळूंची आंतरराष्ट्रीय कारकीर्द म्हणजे हा एकच दौरा. त्या वेळी त्यांची पस्तिशी उलटलेली, खांदा दुखावलेला. संघ २३ सामने खेळला, त्यातले १५ हरला. त्या हरणाऱ्या संघात बाळूंनी १९ पेक्षा कमी सरासरीने ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. अख्ख्या कारकिर्दीत ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

या संघाचा कप्तान कोण होता? पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. वय एकोणीस. इंग्लंडमध्ये मेजवान्या आणि दरबारी भेटीगाठींत ते इतके गुंतले, की मोजकेच सामने खेळले. जो मैदानावर नव्हता तो कप्तान आणि जो दुखऱ्या खांद्याने षटकामागून षटक टाकत होता तो शिपाई. या देशातल्या गुणवत्तेची व्याख्या एका दौऱ्यात कळते.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्यांना दिलेल्या मानपत्राशी भीमराव रामजी आंबेडकर या एल्फिन्स्टन कॉलेजातल्या तरुण विद्यार्थ्याचे नाव जोडलेले आहे. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी ही बाब पुढे आणली. आमच्या काकांना आम्ही हे नम्रपणे सांगू इच्छितो: बाळू हे एके काळी बाबासाहेबांच्या पिढीचे नायक होते. अस्पृश्याच्या पोराने साहेबाला बाद करता येते, हे त्या पिढीने पहिल्यांदा बाळूंकडे बघून अनुभवले.

१९२० : त्या वर्षीचा आणखी एक बंड

१९१२ पासून मुसलमान संघ आल्यावर स्पर्धा चौरंगी झाली: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. हिंदू संघात बाळू सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत अनुभवी. तरीही कप्तानी त्यांना मिळाली नाही. १९१३ मध्ये कप्तान झालेले मुकुंद पै यांनी स्वतःच जाहीरपणे म्हटले होते, की हा मान बाळूंचा होता. पै ब्राह्मण होते, प्रामाणिकही होते. पण प्रामाणिकपणाने निवड समिती बदलत नाही. पै कप्तान राहिले.

१९२० मध्ये बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी पडल्यावर पहिल्या सामन्याची कप्तानी पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेली. बाळूंचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल अनुभवाने ज्येष्ठ होते. तेव्हा दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे आमच्यावर अन्याय झाला, असे जाहीर पत्रक काढले. प्रेक्षकांत आणि वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. अंतिम सामन्यासाठी भावांची समजूत घालावी लागली. बाळूंना परत घेऊन उपकप्तान करावे लागले आणि त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्या वेळापुरती कप्तानी बाळूंकडे आली. आयुष्यभराच्या गोलंदाजीचा मोबदला, उसनी घेतलेली काही षटके.

हे १९२० साल लक्षात घ्या. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. आणि त्याच वर्षी क्रिकेटच्या मैदानावर दोन चर्मकार भावांनी 'आमच्याशिवाय खेळून दाखवा' असे सांगितले. ही विनंती नव्हती, हा असहकार होता. बाळू तीस वर्षे बळी घेत राहिले आणि त्यांना हार मिळाले. भावांनी एक सामना खेळायला नकार दिला आणि दार हलले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. 'खेळाने जात जिंकली' असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट बघावा. गुणवत्तेने संघात जागा मिळवून दिली. कप्तानी मिळाली ती संघर्षाने.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला क्रॉम हेंड्रिक्स नावाचा वेगवान गोलंदाज होता, मलाय समाजातला. १८९२ मध्ये आलेल्या इंग्लिश खेळाडूंनी त्याला वाखाणले. १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा पहिला संघ इंग्लंडला निघाला तेव्हा तो कातडीच्या रंगामुळे वगळला गेला. सामान सांभाळणारा म्हणून नेता येईल, अशी सूचना निघाली तेव्हा त्याने त्या नात्याने जायला साफ नकार दिला. १०४ वर्षांनी, १९९८ मध्ये मखाया एन्टिनी हा त्या देशाकडून कसोटी खेळणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन ठरला. वेगवान गोलंदाज, ३९० कसोटी बळी. २०२० मध्ये त्याने मुलाखतीत सांगितले, की संघात आपल्याशेजारी जेवायला कोणी बसत नसे. बसमधले एकटेपण टाळायला तो आपली बॅग ड्रायव्हरकडे देऊन हॉटेलपासून मैदानापर्यंत पळत जायचा. लोकांना वाटायचे, किती हा तंदुरुस्त! बाळूंच्या मातीच्या भांड्यात आणि एन्टिनीच्या त्या पळण्यात आम्हाला एकच गोष्ट दिसते. बळी हवेत, माणूस नको.

दुसरा डाव : १९३२ आणि १९३७

आता त्या भागाकडे येऊ, जिथे चित्रपट थांबेल आणि आमचे काका सुरू होतात.

गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने ते दिले. गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले. बाळू या वादात एम. सी. राजा यांच्या बाजूने, म्हणजे संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांप्रमाणेच 'पी. बाळू' अशीही सही आहे. प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण त्या जागांवर कोण निवडून यायचे हे ठरवण्याची अंतिम ताकद सवर्ण बहुसंख्येकडे गेली. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्यात 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा केली, तेव्हाही बाळू धर्मांतराच्या विरोधात उभे राहिले.

आणि १९३७. मुंबई कायदेमंडळाची निवडणूक, भायखळा-परळचा मतदारसंघ. स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार बाबासाहेब. काँग्रेसने राखीव जागेवर त्यांच्यापुढे उभे केले बाळू पालवणकरांना. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब २,०२० मतांच्या फरकाने पुढे राहिले. त्यांच्यासारख्या नेत्यासाठी हा फरक फार मोठा नव्हता.

हे आम्ही लपवणार नाही आणि त्याला गोड रूपही देणार नाही. १९३२ मध्ये, १९३५ मध्ये आणि १९३७ मध्ये बाळू चुकीच्या बाजूला होते. इतिहासाने बाबासाहेबांना बरोबर ठरवले आहे.

पण मुळात प्रश्न असा आहे, की काँग्रेसला बाळूच का हवे होते? मुंबई काँग्रेसकडे वकील होते, शेटजी होते, सत्याग्रही होते. त्यांतला कोणीही राखीव जागेवर उभा राहू शकत नव्हता. हवा होता अस्पृश्यांतलाच माणूस, ज्याचे नाव परळच्या चाळीचाळीत माहीत आहे, ज्याच्याबद्दल सवर्ण मतदारालाही आपुलकी आहे, आणि जो महार नाही. पुन्हा तेच झाले. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांविरुद्ध बाळू हवे होते. काँग्रेसला बाबासाहेबांविरुद्ध बाळू हवे होते. दोन्ही वेळा चेंडू त्यांच्या हातात दिला गेला. दोन्ही वेळा क्षेत्ररचना दुसऱ्याने लावली.

इथे आम्हाला बाळूंच्या आयुष्यातली खरी शोकांतिका दिसते. ज्या माणसाने कप्तानी न मिळण्याचे दुःख सर्वांत जवळून भोगले, त्यालाच राजकारणातल्या कप्तानीचा प्रश्न दिसला नाही. बाबासाहेब जागा मागत नव्हते. संघात घ्या, हार घाला, सोबत चहा प्या, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. आपला प्रतिनिधी आपण निवडणार, म्हणजे आपला कप्तान आपण ठरवणार, ही त्यांची मागणी होती. १९४५ मध्ये 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात त्यांनी १९३७ च्या निकालांचे आकडे मांडून दाखवले, की सवर्ण मतांवर निवडून येणारा राखीव उमेदवार आपल्या समाजाचा उरत नाही. बाळूंच्या क्रिकेटचा इतिहास खरे तर बाबासाहेबांच्याच बाजूचा पुरावा आहे. उदार मनाच्या पैंनी दिलेली कप्तानी काही षटकांची असते.

सोलापूरने १९५२ मध्ये काय केले?

आता उठून गेलेल्या मुलाविषयी.

'बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले' हे वाक्य आपल्या वस्तीत बोलले जाते तेव्हा त्याच्या मागे एक न बोललेले वाक्य असते: 'ते लोक तसेच.' हे वाक्य बाबासाहेबांचे नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेचे सचिव सीताराम नामदेव शिवतरकर चर्मकार समाजातले होते. याच सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले ते आपल्या सोलापुरात. आणि याच सभेने मुंबईत तरुणांसाठी मोफत वाचनालयाबरोबर हॉकी क्लबही चालवला. दारू-जुगारापासून पोरांना दूर ठेवायचे तर मैदान हवे, हे बाबासाहेबांना उमगले होते. जयंतीला क्रिकेट कशाला, असे म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

पुढे १९५२ ची पहिली लोकसभा निवडणूक. उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा पराभव केला. काजरोळकरांना १,३८,१३७ मते, बाबासाहेबांना १,२३,५७६. काजरोळकर चर्मकार. १९३७ ची खेळी पंधरा वर्षांनी यशस्वी झाली. ही जखम आजही आपल्या घराघरांत सांगितली जाते. पण त्याच निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे देशभरातून अवघे दोन खासदार निवडून आले. एक करीमनगरहून. दुसरे सोलापूरहून: पां. ना. राजभोज. पुण्याचे राहणारे, फेडरेशनचे सरचिटणीस आणि समाजाने चर्मकार.

म्हणजे ज्या निवडणुकीत एका चर्मकार उमेदवाराने बाबासाहेबांना हरवले, त्याच निवडणुकीत बाबासाहेबांच्या पक्षाचा झेंडा लोकसभेत नेला तो आणखी एका चर्मकाराने, आणि त्याला पाठवले आपल्या सोलापूरने. राजभोज पुढे काँग्रेसमध्ये गेले, हेही खरे. पण त्यासाठी त्यांची जात जबाबदार म्हणायची, तर आपल्या समाजातून प्रस्थापित पक्षांच्या वळचणीला गेलेल्यांची यादी काढून बघा. त्या यादीत सगळ्यात जास्त नावे कोणाची आहेत, हे आम्ही इथे लिहीत नाही. वाचकांनी आपापल्या प्रभागात मोजावीत.

सोलापूर लोकसभा मतदारसंघ आज राखीव आहे. दर निवडणुकीत पक्ष आपापले 'बाळू' शोधतात. कधी चेहरा हवा असतो, कधी पोटजातीचे गणित जुळवायचे असते. १ ऑगस्ट २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या उपवर्गीकरणाच्या निकालानंतर हे गणित आणखी तेजीत आहे. त्या प्रश्नावर आपल्यात मतभेद असतील, ते चर्चेने सोडवू. पण आपल्या बैठकीतून एक पोरगा अपमान गिळून उठून गेला, तर तो उद्या कोणाच्या संघात जाईल? ज्यांना त्याच्या हातात चेंडू द्यायचा आहे आणि कप्तानी द्यायची नाही, ते बाहेर वाटच बघत आहेत.

मग चषकाला नाव द्यायचे का?

आमचे मत आहे, द्यावे. अट एकच. नावाबरोबर गोष्ट पूर्ण सांगायची. स्पर्धेच्या बक्षीस समारंभात पाच मिनिटे काढून पोरांना सांगायचे, की या माणसाने ३ रुपये पगारावर रोलर ओढला, मातीच्या भांड्यात चहा प्यायला, इंग्लंडमध्ये ११४ बळी घेतले, त्याला कप्तानी मिळाली नाही, त्याच्या भावांनी खेळ नाकारला तेव्हा दार उघडले. आणि हेही सांगायचे, की याच माणसाला पुढे बाबासाहेबांविरुद्ध उभे केले गेले, तो उभा राहिला आणि तिथे तो चुकला. ४ जुलै १९५५ रोजी बाळू गेले. पुढच्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली.

आपण बौद्ध आहोत. माणसाला देव करणे आपल्या धम्मात बसत नाही आणि माणसाला कायमचा अस्पृश्य ठरवणे तर मुळीच बसत नाही. ज्यांनी बाळूंना पव्हेलियनबाहेर ठेवले, त्यांच्यासारखे आपणही त्यांना इतिहासाच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा देत बसवायचे का?

काकांशी आमचे बोलणे झाले आहे. ते अजून पूर्ण राजी नाहीत, पण 'भावांची ती बहिष्काराची गोष्ट मला माहीत नव्हती' एवढे ते म्हणाले. उठून गेलेल्या मुलाच्या घरी आम्ही गेलो. तो डावखुरा आहे आणि गोलंदाजीही करतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. त्याच्या गल्लीतला संघ यंदा पहिल्यांदा आपल्या स्पर्धेत उतरतो आहे. त्यांनी त्याला कप्तान केले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!